मळग्यांचं रक्त

महारुद्रप्पा मळगे लिंगैक्य झाले त्याला त्या वैशाखात पंचवीस वर्षं झाली. पुण्यतिथीला उदगीरच्या घरी जंगमस्वामी, जवळचे नातेवाईक, मोंढ्याच्या बाजारातले चार आडते आणि पाण्याचा एक टँकर येणार असं ठरलं होतं. टँकर सोडून सगळे आले. आणि जिचं काहीच ठरलं नव्हतं अशी एक जीप आली.

जीप बोलावली होती धाकट्या सिद्धेश्वरनं, आणि हे त्यानं थोरल्या भावाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गुरुपादप्पांनी नको म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं. त्यात लपवाछपवी अशी काही नव्हती. सिद्धेश्वर पन्नाशीचा. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून बदली मागून तो लातूरच्या कलेक्टर कचेरीत आला आणि तेव्हापासून जिल्हा आपणच काढल्यासारखा वागत होता. थोरले म्हणायचे, "जिल्हा झाला, पानी कुठं झालं?" चार वर्षं हेच म्हणत होते.

सिद्धेश्वरच्या दोन्ही गुडघ्यांवर तांबडे चट्टे होते. त्यांच्यावरून अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे सुटायचे आणि विजारीतून कचेरीच्या फरशीवर पडायचे. माघात लातूरला त्वचारोगाचं शिबिर भरलं तेव्हा नांदेडहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना त्यानं ते दाखवले. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, सोरायसिस. मलम दिलं. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?"

"एक बहीण हाय," सिद्धेश्वर म्हणाला. "पण तिचं येगळं हाय. महारोग."

"कोणी सांगितलं महारोग?"

सिद्धेश्वरनं आठवून पाहिलं. तो चार वर्षांचा होता तेव्हापासून ही गोष्ट घरात होती. ती सांगितली कोणी, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"बोटं झडलीत का त्यांची?"

"न्हाई."

"किती वर्षं झाली?"

"सेहेचाळीस."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला तुमच्या घरी यायचंय," त्या म्हणाल्या.

आणि त्या आल्या. डॉ. पंचशीला गजभारे, वय पस्तिसेक, खादीची साडी, हातात काचेच्या नळ्यांचा डबा आणि काखेत गुंडाळलेला मोठा कागद. त्यांना ओसरीवर सतरंजी दिली.

"गजभारे म्हंजे कुठले?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"उमरीचे."

"हां," गुरुपादप्पा म्हणाले आणि पुढचं विचारलं नाही. पुढचं कळलं होतं. त्यांची बायको चन्नम्मा तांब्या घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं खांबाकडं पाहिलं. मग तिनं पेला काठोकाठ भरून बाईंच्या हातात दिला. त्या महिन्यात त्या घरात काठोकाठ भरलेला पेला जावयालाही मिळत नव्हता.

बाईंनी पाणी पिऊन कागद पसरला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. पुरुषाला चौकोन काढायचा, बाईला वर्तुळ. ज्याला चट्टे त्याचा काळा करायचा. आणि मग सगळ्यांचं थोडं थोडं रक्त घ्यायचं, चट्टे असलेल्यांचं आणि नसलेल्यांचंही.

"रक्त कामून?"

"हे दुखणं घराण्यातून येतं, अप्पा. पण सगळ्या लेकरांना येत नाही. कोणाला येणार हे रक्तात कुठंतरी लिहिलेलं असणार. कुठं, ते अजून जगात कोणाला माहीत नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत ते शोधतायत. त्याला जनुक म्हणतात. त्यासाठी मोठं घराणं लागतं, तीन पिढ्यांचं."

"सापडलं की दवा निघंल?"

"लगेच नाही."

"किती वर्सांनी?"

"सांगता येत नाही."

"म्हंजे आमाला काय मिळनार?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "हे मी सगळीकडं आधीच सांगते."

गुरुपादप्पा चाळीस वर्षं आडतीत होते. मालातली खोट आधी सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ते थोडे अस्वस्थ झाले.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. "आमच्या घरात हे दुखनंच न्हाई. अक्काचं येगळं, सिद्धूचं येगळं. अन् माझ्या रुद्राणीची सोमवारी लातूरला लग्नाची बोलनी हायत. पोरगा पाटबंधारे खात्यात इंजिनियर हाय."

"कागदावर नावं नसतात. नुसते आकडे."

"उदगिरात आकड्यालाबी तोंड फुटतं."

सिद्धेश्वरनं घसा साफ केला. "अण्णा, बाई दोनशे कोस... म्हंजे लांबून आल्यात. निदान अक्काला तरी बघू द्या. स्वामी ऐकून राहिलेत."

जंगमस्वामी खरोखरच ऐकत होते. गुरुपादप्पांनी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, हे कोणालाच नीट कळलं नाही. पण बाई उठल्या.

*

अक्काची, म्हणजे रुद्राणीच्या आत्याची खोली परसाच्या टोकाला, पेंडीच्या गोदामाला लागून होती. रुद्राणी आठ वर्षांची असल्यापासून तिथं ताट नेऊन ठेवायची. उंबऱ्यावर ठेवायचं आणि परत फिरायचं. तेवीस वर्षांत, त्यातलं बी.एस्सी. धरून, तो उंबरा तिनं ओलांडला नव्हता. आज तिनं बाईंना दारापर्यंत आणलं; बाईंनी चपला काढल्या आणि सरळ आत गेल्या. मग रुद्राणीलाही बाहेर थांबायला कारण उरलं नाही.

खोली तिच्या समजुतीपेक्षा स्वच्छ होती. नागम्मा बाजेवर बसली होती. सहासष्ट वर्षांची, हाडापेरानं मोठी. चोळीच्या बाहीखाली कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे होते.

"जवळ येऊ नको माय," ती बाईंना म्हणाली. "लागंल तुला."

बाई बाजेवर तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. पर्समधून कापूस काढला. "डोळे मिटा. मी कुठं लावते ते सांगा."

"मनगटाला. आता चट्ट्यावर. आता कोपराला."

"चट्ट्यावर कळतं?"

"कळतंय की. सेहेचाळीस वर्सांपासून कळतंय."

"महारोगात नसतं कळत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला महारोग नाही, अक्का. कधीच नव्हता. हे दुसऱ्याला लागतही नाही."

रुद्राणीला वाटलं, आत्या आता रडेल. आत्या आपल्या हाताकडं बघत होती, तो अजून बाईंच्या मांडीवर होता. बाईंची नजर कोपऱ्यातल्या माठाकडं, पितळीकडं, लोट्याकडं गेली.

"भांडी येगळी ठेवत्यात," नागम्मा म्हणाली. "त्यांचं काय चुकलं न्हाई. भीती असती."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या आजीचं गाडगंही वेगळं असायचं गावात. तिच्या अंगावर तर एक डागही नव्हता."

नागम्मानं पहिल्यांदा बाईंच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "मला ठाऊक हुतं माय, हे महारोग न्हाई म्हनून."

"कसं?"

"आमच्या अप्पालाबी, माझ्या बापालाबी हेच हुतं की. पाठीवर, मांडीवर. लहानपनी मीच तेल लावायची."

रुद्राणीच्या आजोबांचा, महारुद्रप्पांचा फोटो ओसरीवर होता, पांढरा लांब बाह्यांचा अंगरखा, कपाळभर विभूती. आजच त्याला हार घातला होता.

"मग त्यांनी तुला इथं का ठेवलं?" रुद्राणीनं विचारलं.

"देगलूरच्या सासरच्यांनी महारोग म्हनून परत पाठवलं. अप्पानं मला बघितलं अन् आपलंच दुखनं वळखलं. मग ते माझ्या पाया पडले. बाप असून. म्हनले, नागू, दोघांचं उघडं पडलं तर गुरुपादाला पोरगी कोन देईल? दुकानात कोन येईल? एकानं बाहेर बसायला पायजे." तिनं पदर सारखा केला. "म्हनून मी बसले. चार-दोन वर्सं असं म्हनले हुते."

मग रुद्राणीनं विचारलं, "आत्या, ओसरीवर येतीस?"

"येते की," नागम्मा म्हणाली. "आज बोलावलंय कुनीतरी."

*

पंगत बसली होती. चन्नम्मा गव्हाची गोड हुग्गी वाढत होती आणि निम्म्या रांगेपर्यंत आली होती, तेव्हा नणंद रुद्राणीच्या खांद्यावर हात ठेवून ओसरीवर आली. पाहुण्यांनी पाय आखडून घेतले. चारांतल्या एका आडत्याला दुकान उघडं राहिल्याचं आठवलं आणि तो हात न धुता गेला. पाण्याची तेवढी बचत झाली.

"अक्का, आत जा," गुरुपादप्पा म्हणाले.

"जाते. बाईला एक सांगते अन् जाते," नागम्मा म्हणाली. "बाई, कागदावर वरचा चौकोन काळा करा. माझ्या बापाला हुतं."

"म्हातारी भरमली," गुरुपादप्पा पंगतीला म्हणाले. "अप्पाला काय न्हवतं. मी त्यांचा थोरला पोरगा हाय, मला ठाऊक नसंल?"

चन्नम्माच्या हातात वगराळं होतं. त्यातून हुग्गी थेंब थेंब पडत होती. हे घर तिला माहेराहून, भालकीहून आल्यापासून ठाऊक होतं. या घरात खरं बोललं की पंगतीचा अपमान होतो आणि खोटं बोललं की होत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं वगराळं पातेल्यात ठेवलं.

"धोतर वर घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"गुडघ्यापत्तूर. वर घ्या."

"चन्ने, स्वामी बसलेत."

"स्वामींनाबी दिसू द्या. तीस वर्सं तेल मी लावून राहिले. सासूबाई असताना रुद्राणीच्या डोक्यात चट्टा निघाला, तवा भालकीला माझ्या भावाला चिठ्ठी गेली. तुमच्या घरचं दुखनं आमच्या घरात आलं म्हनून. तुमीच लिवली, अन् मला वाचूनबी दाखवली. भाऊ मरेपत्तूर इथं आला न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. मीठ कमी आहे हे सांगताना ती अशीच बोलायची. "वर घ्या."

गुरुपादप्पांना वाटलं, कोणीतरी मध्ये पडेल. सिद्धूकडं पाहिलं. सिद्धू आपली विजार गुडघ्यापर्यंत दुमडत होता, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, वडिलांच्या फोटोखाली. मध्ये पडणारं कोणी नव्हतं.

त्यांनी धोतर वर घेतलं. दोन्ही नडग्या चट्ट्यांनी भरलेल्या होत्या. त्यांनी स्वतःही त्या दिवसाउजेडी कधी अशा पाहिल्या नव्हत्या. तिशीत पहिला चट्टा आला तेव्हाच त्यांना सगळं समजलं होतं. बहिणीला काय झालंय तेही समजलं होतं. तेव्हा अप्पा होते, आणि अप्पांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं होतं. अप्पा गेल्यावर सांगणारं कोणी नव्हतं. गप्प राहणं तसंच चालू राहिलं.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "माझाबी काळा करा."

मग रुद्राणीनं अंबाडा सोडला. कानामागचा चट्टा तिनं स्वतःच केस बाजूला करून दाखवला. सोमवारची बोलणी सगळ्यांच्याच मनात आली.

"लातूरच्यांना सांगूनच बोलणी करा, अप्पा," ती म्हणाली. "मी अंबाडा घालून जन्म नाही काढणार."

"सांगायला मी जातो," सिद्धेश्वर म्हणाला. "जिल्ह्याचं ठिकाण हाय, माझी कचेरीच तिथं हाय."

जेवणं उरकल्यावर रक्त घेतलं. अकरा नळ्या झाल्या. चट्टे नसलेल्यांनीही बाह्या वर केल्या. जंगमस्वामींनी आपलंही घ्यायचं का असं विचारलं. घरातल्यांचंच लागतं असं बाई म्हणाल्या तेव्हा ते जरा हिरमुसले. नळ्या उद्यापर्यंत मुंबईला पोचायला हव्या होत्या. त्यांना बर्फ चालत नव्हता आणि ऊनही चालत नव्हतं, आणि बाहेर बेचाळीस अंश होतं. चन्नम्मानं पिण्याच्या घागरीतलं पाणी गोणपाटावर ओतलं आणि डबा त्यात गुंडाळून दिला. बाई जीपनं सोलापूर गाठणार होत्या, तिथून रेल्वे.

निघताना त्यांनी कागद शेवटचा पाहिला. "नागम्मांच्या वर्तुळाखाली काही नाही ना?"

"हाय," नागम्मा म्हणाली. "एक."

सिद्धेश्वरनं थोरल्याकडं पाहिलं. रुद्राणीनं आईकडं पाहिलं. चन्नम्मालाही ठाऊक नव्हतं.

"शरणव्वा," गुरुपादप्पा म्हणाले. ते नाव त्यांच्या तोंडून सहज आलं, जणू रोज घेत होते. "देगलूरला. अक्काला आनायला गाडी मीच हाकत गेल्तो. चौदा वर्सांचा हुतो. ती म्हनली लेकरू घेऊ दे. त्यांनी दिलं न्हाई. मी गाडी हाकली."

बाई म्हणाल्या, "तिचं रक्त मिळालं तर फार उपयोग होईल. पण ते नंतर. आधी अक्कांची इच्छा."

"मला काय इच्छा असनार," नागम्मा म्हणाली. "तिच्या अंगावर हाय का न्हाई, तेवढं बघायचंय."

*

आठ दिवसांनी जीप परत आली. मधल्या सोमवारी सिद्धेश्वर लातूरला सगळं सांगून आला होता. मुलाच्या वडिलांनी सरबत पाजलं आणि कळवतो म्हणाले. त्यांनी काही कळवलं नाही, म्हणजे कळवलंच. रुद्राणीनं दोन दिवस जेवण टाकलं, तिसऱ्या दिवशी शाळेतल्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज लिहिला, आणि देगलूरला आत्यासोबत निघाली. गुरुपादप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले.

नागम्मा सेहेचाळीस वर्षांनी उदगिरातून बाहेर पडली होती. रस्ता डांबरी झाला होता. लेंडी नदीत पाणी नव्हतं, माणसं वाळूत झरे उकरत होती. तिनं काही विचारलं नाही. देगलूर आलं तेव्हा फक्त म्हणाली, "वेस हिकडं हुती. पाडली वाटतं."

पत्ता विचारत ते घरापाशी पोचले तेव्हा दारातच एक अठ्ठेचाळीस-पन्नासची बाई सुपात तूर पाखडत होती. गुरुपादप्पा जीपमधून उतरले आणि चाकाशी उभे राहिले. पुढं डॉक्टरीणबाई गेल्या.

"शरणव्वा तुम्हीच?"

"हाव. कोन पायजे?"

बाईंनी सांगितलं. उदगीरचे मळगे, त्यांच्यातलं कातडीचं दुखणं, रक्ताची तपासणी. शरणव्वा सूप न थांबवता ऐकत होती.

"उदगीरशी आमचं काय न्हाई," ती म्हणाली. "माझी आई तिथली हुती म्हनतात. पन ती मेली. मी दोन वर्सांची असताना."

"कशानं?" नागम्मानं मागून विचारलं.

"देवी आल्या. त्यात गेली."

नागम्मानं यावर विचार केला. तिच्या गालावर, कपाळावर बारीक खड्डे होते. उन्हात ते स्पष्ट दिसत होते.

"देवी मला लग्नाआधीच येऊन गेल्त्या," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा येत न्हाईत त्या."

सूप थांबलं. शरणव्वानं वर पाहिलं. आधी गालाकडं, मग हातांकडं, मग पुन्हा तोंडाकडं. सूप खाली ठेवताना तूर सांडली, ती तिनं भरली नाही. उठून उभी राहिली तेव्हा दोघींची उंची सारखी निघाली.

"आतापत्तूर कुठं हुतीस?" तिनं विचारलं.

"उदगीरला."

"उदगीर पंचवीस कोसबी न्हाई."

"हाव," नागम्मा म्हणाली. "न्हाई."

गुरुपादप्पा अजून चाकाशीच उभे होते. रुद्राणीनं त्यांना पाणी विचारलं, ते नको म्हणाले.

"कोपर दाखव," नागम्मा म्हणाली.

शरणव्वाला कळलं नाही, तरी तिनं हात पुढं केला. नागम्मानं कोपर पाहिलं, दुसरं पाहिलं. पातळ वर करून गुडघे पाहिले. मग तिचं डोकं दोन्ही हातांनी खाली वाकवलं आणि कानांमागं, मानेवर, केसांच्या भांगात बोटं फिरवत राहिली, चट्टा शोधायला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ. शरणव्वा वाकलेलीच राहिली.

"काय न्हाई," शेवटी नागम्मा बाईंना म्हणाली. "कोरी हाय. लिवा."

बाईंनी ओसरीवरच रक्त घेतलं. नळीवर आकडा टाकला. मग सोबतचा फॉर्म काढला. वय, गाव, मुलं किती.

"आईचं नाव?"

शरणव्वानं आजवर सगळीकडं सावत्र आईचं नाव सांगितलं होतं, रेशन कार्डावरही तेच होतं.

"नागम्मा," ती म्हणाली.

"हयात की मयत? दोन्ही छापलंय, एक खोडायचं असतं."

"द्या हिकडं," शरणव्वा म्हणाली. तिनं पेन घेतलं, अक्षराला अक्षर लावून दोन्ही शब्द वाचले, आणि मयत हा शब्द इतका दाबून खोडला की खालच्या दोन कोऱ्या फॉर्मांवरही रेघ उठली.